टार्टनचे रंग आणि पट्टे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टार्टन म्हणजे नेमकं काय? आपल्या चौकड्याच्या कापडापेक्षा ते वेगळं कसं?

टार्टन म्हणजे स्कॉटलंडचं चौकड्याचं लोकरी कापड, बरेचदा तिथल्या एखाद्या घराण्याच्या (क्लॅनच्या) नावाने ओळखलं जाणारं. चौकडा आपल्याकडे इरकलीतही असतो, लुंगीतही असतो आणि शाळेच्या गणवेशातही. त्यात उभ्या रेघा एका क्रमाने आणि आडव्या दुसऱ्याच क्रमाने आल्या तरी कोणाची हरकत नसते. टार्टनचा नियम मात्र कडक आहे. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, रंगांचा जो क्रम आणि प्रत्येक रंगाचे जितके धागे, तोच क्रम आणि तितकेच धागे बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत. मोजकी जुनी कापडं आणि काही खास नमुने याला अपवाद आहेत, पण बाजारात दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या टार्टनला हा नियम लागू पडतो.

सूत आधी रंगवतात आणि मग विणतात. त्यामुळे कापडावर छापलेल्या चौकड्याला टार्टनचा नमुना म्हणता येईल, पण विणलेल्या टार्टनची सर त्याला येत नाही. का, ते पुढे रंगांच्या प्रश्नात कळेल.

‘सेट’ म्हणजे काय?

पट्ट्यांचा जो एक पूर्ण क्रम कापडभर पुन्हा पुन्हा येतो, तो सेट. बहुतेक सेट आरशासारखे असतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग मोजत जायचं आणि तिथून उलट्या पावली परत यायचं. ज्या दोन पट्ट्यांवरून क्रम उलटा फिरतो, त्यांना पिव्हट म्हणतात. काही मोजके सेट आरशाचे नसतात. त्यांचा क्रम शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ब्युकॅनन घराण्याचं टार्टन हे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. हा फरक ध्यानात ठेवा, किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा) शिवताना तो चांगलाच महागात पडतो.

धाग्यांचा हिशेब कसा वाचायचा?

टार्टनची खरी ओळख रंगाच्या छटेत नसून या हिशेबात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

वॉलेस टार्टनच्या धर्तीचा एक सोपा सेट घ्या :

का/४ ला२४ का२४ पि/४

म्हणजे काळे ४, लाल २४, काळे २४, पिवळे ४. तिरपी रेघ असलेले दोन आकडे म्हणजे पिव्हट. पिवळ्याच्या ४ धाग्यांपाशी पोचलात की मागे वळा : काळे २४, लाल २४, आणि पुन्हा काळे ४ आले की नवा सेट सुरू. पूर्ण सेटची बेरीज अशी : ४ + २४ + २४ + ४ + २४ + २४ = १०४ धागे. पिव्हट एका सेटमध्ये एकदाच मोजायचा.

नवखा माणूस हमखास इथेच चुकतो. तो पूर्ण ओळ उलटी लिहून काढतो, पिवळे ४ आणि परत पिवळे ४ धरतो. सेट ११२ धाग्यांचा होतो आणि बारीक पिवळी रेघ दुप्पट जाड होऊन बसते. कापड वाईट दिसत नाही, पण ते टार्टन दुसरं झालेलं असतं. उलटी चूकही होते. काही जुन्या नोंदींत पिव्हटचा आकडा मुळातच निम्मा लिहिलेला असतो. तो पूर्ण समजून विणलं, की रेघ अर्धी होते. म्हणून कुठलाही हिशेब हातात आला की आधी विचारा : पिव्हट पूर्ण लिहिलाय की निम्मा?

स्कॉटलंडच्या नोंदींत रंगांची इंग्रजी आद्याक्षरं वापरतात. त्यात काळ्याला ‘बी’ न म्हणता ‘के’ म्हणतात, कारण ‘बी’ निळ्याने आधीच घेतलंय. लाल ‘आर’, हिरवा ‘जी’, पिवळा ‘वाय’, पांढरा ‘डब्ल्यू’. फिक्या छटेला पुढे ‘एल’ आणि गडद छटेला ‘डी’ लागतं. अनोळखी नोंद वाचताना ‘के’ म्हणजे खाकी समजणारे बरेच भेटतात.

सगळे आकडे सम का असतात?

धोट्यामुळे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनामुळे. हातमागावर धोटा उजवीकडून डावीकडे गेला की एक धागा, परत आला की दुसरा. रंगाचे धागे सम असले, की धोटा निघाला त्याच बाजूला परत येतो आणि पुढच्या रंगाचा धोटा तिथेच तयार असतो. आकडा विषम असला की एक धोटा पलीकडच्या काठावर अडकतो आणि पुढच्या वेळी त्याला आणायला कसरत करावी लागते.

सूत तीनच रंगांचं, मग कापडावर सहा रंग कसे दिसतात?

लाल ताणा आणि लाल बाणा जिथे भेटतात तिथे निखळ लाल चौकोन. लाल ताण्यावर काळा बाणा आला, की निम्मे धागे लाल आणि निम्मे काळे, म्हणून लांबून तो भाग तपकिरी-मरून दिसतो. तीन रंगांच्या सुतातून तीन शुद्ध रंग आणि तीन मिश्र रंग मिळून सहा होतात. चार रंगांतून दहा, सहा रंगांतून एकवीस. हिशेब सोपा आहे : रंगांच्या संख्येला त्याच्यापुढच्या संख्येने गुणा आणि दोनाने भागा.

मिश्र भागाकडे भिंग लावून बघा. तिथे तिसरा रंग नसतोच, बारीक तिरप्या रेघा असतात. एक लाल, एक काळी, पुन्हा लाल. टार्टन दोनवर-दोनखाली अशा ट्विल विणीत विणतात. प्रत्येक आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून आणि दोघांखालून जातो आणि पुढच्या ओळीत एक घर सरकतो. जीन्सच्या कापडावर तिरपी रेघ दिसते त्याच जातीची ही रेघ, फक्त इथे ताणा आणि बाणा समसमान दिसतात. त्यामुळेच टार्टनला उलट-सुलट बाजू नसते. छापलेल्या कापडात मिश्र रंग सपाट येतो, ती तिरपी चमक येत नाही आणि मागची बाजू फिकी पडते.

रंग निवडताना हे सगळं आधी डोळ्यांपुढे आणावं लागतं. लाल आणि हिरवा सुटे कितीही छान दिसोत, समसमान मिसळले की मातकट होतात. जुन्या विणकरांनी या दोघांच्या मध्ये काळा किंवा गडद निळा घातलेला बरेचदा दिसतो. पण शेजार बदलला म्हणून छेद चुकत नाही. चौकड्यात प्रत्येक रंग प्रत्येक रंगाला कुठे ना कुठे छेदतोच. मिश्र चौकोनाचा आकार लहान ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

दुकानात एकाच नावाची चार कापडं दाखवतात : मॉडर्न, एन्शंट, वेदर्ड, म्यूटेड. खरं कोणतं?

चारही. सेट एकच, सुताचा रंग वेगळा.

मॉडर्न म्हणजे गडद, भरगच्च रंग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले, तेव्हापासूनची ही तऱ्हा. त्यात हिरवा आणि निळा इतके गडद असतात की कमी उजेडात काळ्यात मिसळून जातात. एन्शंट म्हणजे फिका निळा, पोपटीकडे झुकणारा हिरवा, नारिंगी छटेचा लाल. वनस्पतींच्या जुन्या रंगांची आठवण यावी म्हणून केलेली ही रंगसंगती. नावावर जाऊ नका, ‘एन्शंट’ लिहिलेलं कापड गेल्या महिन्यात गिरणीतून आलेलं असतं. वेदर्डमध्ये वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेल्या कापडाचा भास असतो, निळ्याच्या जागी राखाडी आणि हिरव्याच्या जागी तपकिरी. म्यूटेड या सगळ्यांच्या मधला, मातकट पण ऊबदार.

आता ग्राहकाची गफलत अशी होते : लग्नासाठी पाच जणांनी पाच ठिकाणांहून एकाच नावाचं कापड मागवायचं आणि फोटोत पाच रंग. नावाबरोबर छटेचं नाव सांगा, शक्यतो एकाच गिरणीचं आणि एकाच खेपेचं कापड घ्या. दोन गिरण्यांचा ‘एन्शंट लाल’ एकमेकांशी जुळेलच असं नाही. मोबाइलवरच्या रंगावर तर मुळीच भरवसा ठेवू नका, आधी तुकडा मागवा.

हातात एक तुकडा आहे. तो कुठलं टार्टन आहे हे कसं शोधायचं?

रंगाने सुरुवात करू नका, नाहीतर फिक्या छटेमुळे भलत्याच पानावर जाल.

कापड सपाट पसरा आणि क्रम जिथून उलटतो ते दोन पट्टे शोधा. ते सापडत नसतील तर सेट बिनआरशाचा असू शकतो किंवा तुकडाच लहान आहे. मग कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग ठेवून एका पिव्हटपासून दुसऱ्यापर्यंत एकेक पट्ट्याचे धागे मोजा. भिंग नसेल तर कडेचा धागा सुईने उसवून मोजता येतो. मिळालेल्या आकड्यांचं प्रमाण काढा. तुमच्याकडे ६, ३६, ३६, ६ आले आणि नोंदीत ४, २४, २४, ४ असेल, तर ते एकच टार्टन. जाड सुताच्या कापडात आकडे कमी आणि बारीक सुताच्या कापडात जास्त असतात, प्रमाण तेच राहतं. टायसाठी सेट लहान करतात आणि पडद्यासाठी मोठा. लहान करताना दोन धाग्यांच्या रेघेचा एक धागा करता येत नाही, म्हणून बारीक रेघा प्रमाणापेक्षा जराशा जाड राहतात. तेवढी सूट धरा.

यानंतर स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या अधिकृत टार्टन-नोंदवहीत, रंगांच्या क्रमाने शोधा. तिथे न सापडलेला तुकडा बहुधा फॅशनसाठी केलेला चौकडा असतो, त्याला घराणं नसतंच.

ब्लॅक वॉच इतकं सगळीकडे का दिसतं?

गडद निळा, हिरवा आणि काळा. १७२५ मध्ये हायलँड्सवर, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागावर, नजर ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारने स्थानिक लोकांच्या स्वतंत्र तुकड्या उभ्या केल्या. १७३९ मध्ये त्यांची पलटण झाली, तीच पुढे ४२ वी हायलँड पलटण. तिचं हे टार्टन, म्हणून याला ‘गव्हर्नमेंट’ टार्टनही म्हणतात.

बघायचंच तर जवळून बघा. हिरव्या चौकोनाच्या मधोमध काळी रेघ जाते. निळे चौकोन दोन जातींचे आहेत, आणि ही खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एका निळ्या चौकोनात मधोमध दोन काळ्या रेघा रुळांसारख्या शेजारी-शेजारी जातात. पुढच्या निळ्या चौकोनात मध्य मोकळा आणि रेघांच्या जोड्या दोन्ही कडांना. स्वस्तातल्या नकलेत हे दोन्ही चौकोन सारखेच केलेले असतात. नक्कल ओळखायची सगळ्यात झटपट खूण हीच.

या एका सेटवर रेघ बदलून कितीतरी टार्टन झाली. हिरव्यातल्या काळ्या रेघेच्या जागी पिवळी घाला, गॉर्डन झालं. हिरव्यात पांढरी आणि निळ्यात लाल घातली की मॅकेन्झी. पलटणी उभ्या करताना तेच कापड घ्यायचं आणि एका रेघेने आपली पलटण वेगळी दाखवायची, असा तो व्यवहार होता.

रंगांना अर्थ असतात का? निळा म्हणजे समुद्र, लाल म्हणजे रक्त?

जुन्या टार्टनबाबत असा अर्थ लावायला काही आधार नाही. हे बहुतेक विक्रीच्या पाकिटावरचं साहित्य. गेल्या काही दशकांत मुद्दाम रचलेल्या टार्टनमध्ये रचणारा स्वतःच अर्थ लिहून देतो, तिथे तो खरा मानायचा.

जुने रंग ठरायचे ते रंगद्रव्य काय मिळतं आणि खिशाला काय परवडतं यावर. निळा वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांतून किंवा आयात केलेल्या निळीतून, पिवळा वेल्डसारख्या वनस्पतीतून, तपकिरी दगडावरच्या दगडफुलासारख्या लायकेनमधून. लाल मंजिष्ठाच्या जातीच्या मॅडरमुळातून निघे, आणि झगझगीत लाल हवा असेल तर आयात केलेल्या कोचिनील किड्यांतून. तो महाग, त्यामुळे भडक लाल अंगावर असणं म्हणजे ऐपत दाखवणं. रंग धरावा म्हणून तुरटी. हिरव्यासाठी पिवळा आणि निळा असं दोनदा रंगवावं लागे. यातला पिवळा उन्हाने आधी उडतो आणि निळा टिकतो. संग्रहालयातल्या जुन्या कापडाचा हिरवा निळसर दिसतो तो यामुळे.

प्रत्येक घराण्याचं टार्टन शेकडो वर्षांपूर्वीचं असतं ना?

नाही, आणि यावरच सगळ्यात जास्त वाद होतात.

कापड जुनं आहे. फॉल्कर्कजवळ तिसऱ्या शतकातल्या नाण्यांच्या भांड्याच्या तोंडाशी चौकड्याचा एक तुकडा सापडला. न रंगवलेल्या फिक्या आणि गडद लोकरीचा. ग्लेन अॅफ्रिकच्या दलदलीत सापडलेला तुकडा १५०० ते १६०० च्या दरम्यानचा ठरला. त्यात हिरवा, तपकिरी, लाल आणि पिवळा असे रंग होते. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन या लेखकाने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांबद्दल लिहिलंय की बायका एका काठीवर प्रत्येक पट्ट्याच्या धाग्यांची नेमकी संख्या ठेवून नमुना सांभाळतात, आणि प्लेड (खांद्यावरून घ्यायचं लांब लोकरी वस्त्र) बघून माणूस कुठल्या भागातला ते ओळखता येतं. कुठल्या भागातला, असं तो म्हणतो. कुठल्या घराण्याचा, असं म्हणत नाही.

१७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याचे समर्थक, हरले आणि त्याच वर्षी कायदा आला : स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी टार्टनचे कपडे घालायचे नाहीत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सरकारी पलटणींना मात्र सूट. हा कायदा १७८२ मध्ये मागे घेतला. मधल्या पस्तीसेक वर्षांत घरगुती नमुने आणि काठ्या बऱ्याच हरवल्या.

बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीने ही जागा भरली. पलटणींना कापड पुरवणारा हा मोठा कारखाना. त्यांच्या १८१९ च्या नमुनावहीत सेटचे आकडे लिहिलेले आहेत, आणि पुष्कळ नमुन्यांना घराण्याचं नाव नसून फक्त क्रमांक किंवा बाजारू नाव आहे. आज मॅकफर्सन म्हणून ओळखलं जाणारं एक टार्टन त्यांच्याकडे आधी ‘किड’ या नावाने विकलं जात होतं. १८१५ पासून लंडनच्या हायलँड सोसायटीने घराण्यांच्या प्रमुखांकडे नमुने मागायला सुरुवात केली, आणि काही प्रमुखांनाच आपलं टार्टन कुठलं हे ठाऊक नव्हतं. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सोहळा आखला, सगळ्यांनी टार्टन घालून यावं असं ठरलं, आणि कापडाला अशी मागणी आली की नावं भराभर चिकटत गेली. १८४२ मध्ये सोबीस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी ‘प्राचीन हस्तलिखिता’वर आधारलेला टार्टनसंग्रह छापला. ते हस्तलिखित बनावट होतं. पण त्यातले कित्येक सेट आज घराण्यांची अधिकृत टार्टन आहेत. पावणेदोनशे वर्षं माणसं ते अंगावर घालतायत, तेव्हा आता त्यांना खोटं तरी कसं म्हणायचं?

ड्रेस, हंटिंग, मोर्निंग हे प्रकार काय?

ड्रेसमध्ये जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, एक मोठा रंग पांढरा करतात. मूळ बायकांच्या अंगावर घ्यायच्या फिक्या वस्त्राचं, आता नर्तकांचं आवडतं. हंटिंगमध्ये भडक लालच्या जागी हिरवा, निळा किंवा तपकिरी येतो. शिकारीला जायलाच हवं असं नाही. मोर्निंग म्हणजे काळं-पांढरं, शोकाचं.

मी स्कॉटिश नाही. टार्टन घातलं तर चालेल?

चालेल. कायदा आडवा येत नाही. घराण्याचं नाव असलेलं घालायला संकोच वाटत असेल तर ब्लॅक वॉच किंवा हंटिंग स्टुअर्ट घ्या, किंवा एखाद्या प्रदेशाचं. फक्त बॅल्मोरल सोडा. राखाडी जमिनीवर काळ्या-लाल रेघांचं हे टार्टन व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स आल्बर्ट याने रचलं, आणि ते राजघराण्यापुरतं आणि राजाच्या खास बॅगपाइपवादकापुरतं राखलेलं आहे. रॉयल स्टुअर्टसुद्धा राजाचंच मानतात, पण ते बिस्किटांच्या डब्यांवरही छापलं जातं, त्यामुळे तिथे कोणी अडवत नाही.

टार्टन आणि प्लेड एकच का?

अमेरिकेत नमुन्यालाच प्लेड म्हणतात. स्कॉटलंडमध्ये प्लेड म्हणजे खांद्यावरून घ्यायचं लांब लोकरी वस्त्र, घोंगडीच्या जातीचं. तिथल्या दुकानात ‘प्लेडचा मफलर’ मागितलात तर दुकानदार समजून घेईल, पण मनात दुरुस्त करेल.

हातमागावर टार्टनचा मफलर विणायचाय. किती धागे धरू आणि काय बिघडू शकतं?

वरचाच १०४ धाग्यांचा सेट घेऊ. मध्यम लोकर, इंचाला २० धागे. एक सेट ५.२ इंचांचा. मफलरला दोन सेट धरा आणि दोन्ही काठ सारखे यावेत म्हणून शेवटी पिव्हटचे ४ धागे वाढवा : २१२ धागे, मागावर १०.६ इंच. धुऊन आवरल्यावर लोकर साधारण दहा टक्के आटते, म्हणजे हातात साडेनऊ इंच येतील. लांबीला १४ सेट आणि ४ धागे, म्हणजे १४६० आडवे धागे, ७३ इंच. दोन्ही टोकांना झालरीसाठी चार-चार इंच आणि मागावर वाया जाणारा ताणा वेगळा धरा. वाया जाणारा भाग विसरला की शेवटचा सेट अर्धाच राहतो.

मागाच्या चार चौकटींवर (ताण्याचे धागे उचलणाऱ्या) ताणा १, २, ३, ४ असा ओवायचा. उचल १-२, २-३, ३-४, ४-१.

बिघडतं ते बहुतेक ठोक्यात. फणीचा ठोका जोरात पडला की आडवे धागे दाटतात आणि चौकोन बसके होतात, हलका पडला की उभट होतात. मागावर ताणलेल्या कापडात चौकोन किंचित उभट दिसायलाच हवेत. १०४ आडवे धागे ताणात साडेपाच इंचांच्या आसपास भरले, तर ताण सोडल्यावर ते चौरस होतील. खात्री करायची तर चौकोनाच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपा दोरा धरा. तो पुढच्या चौकोनांच्याही कोपऱ्यांतून गेला पाहिजे. थकलेल्या हाताचा ठोका संध्याकाळी बदलतो, म्हणून दर सेटला मोजपट्टी लावा. आठव्या सेटला कळलं तर सात उसवावे लागतात.

काठ हा दुसरा त्रास. या विणीत कडेचा धागा काही ओळींत बाण्यात अडकतच नाही आणि लोंबतो. दोन्ही कडांना एकेक मोकळा धागा ठेवा, तो चौकटींतून ओवू नका, आणि धोटा दर वेळी त्याच्यावरून आत आणि खालून बाहेर काढा. संपलेल्या रंगाचा धागा बारीक पट्ट्यांत काठाने पुढे न्यायला हरकत नाही. २४ धाग्यांच्या पट्ट्यात मात्र तो तोडून आत वळवा, नाहीतर काठ जाड होऊन आखडतो.

आणि ताणा लावताना एक धागा कमी-जास्त झाला तर ‘चालून जाईल’ म्हणू नका. २४ मध्ये एक खपतो, पण ४ च्या रेघेत ३ झाले की ती रेघ मफलरभर कुरतडलेली दिसते.

किल्टला किती कापड लागतं?

पारंपरिक किल्ट आठ वारी. नऊवारीशी तुलना सुचतेच, आणि निऱ्यांचं महत्त्वही तितकंच. कापड दुप्पट पन्ह्याचं, ५४ ते ६० इंचांचं असेल तर चार वार घेऊन मधून उभं कापतात आणि जोडतात. जोड निरीच्या आत लपवायचा. खालची कड दुमडत नाहीत, कापडाचा पक्का काठच खाली येतो. वजन वाराला १६ औंस असेल तर निऱ्या जड आणि नीट पडतात, १३ औंसही चालतं, १० औंस चालताना उडतं.

निऱ्या दोन तऱ्हांनी घालतात. सेटवर घातल्या तर प्रत्येक निरीत एक पूर्ण सेट जातो आणि मागूनही समोरच्यासारखाच चौकडा दिसतो. पट्ट्यावर घातल्या तर प्रत्येक निरीच्या मधोमध तीच एक रेघ येते, ही पलटणींची तऱ्हा. सेट ७ इंचांचा असेल तर २८ निऱ्यांना १९६ इंच लागतात. उरलेलं कापड समोरच्या दोन सपाट पदरांत आणि आतल्या घड्यांत जातं. कमरेशी निरी निमुळती करावी लागते आणि रेघ तिथेही मधोमधच राहायला हवी. किल्ट शिवणाऱ्याची परीक्षा इथे.

आता ब्युकॅननचा मुद्दा. मधून कापलेल्या दोन तुकड्यांपैकी एकाचा पक्का काठ खाली येतो, दुसऱ्याचा वर. दुसरा तुकडा फिरवून घ्यावा लागतो. आरशाच्या सेटला काही फरक पडत नाही, पण बिनआरशाच्या सेटचा क्रम फिरवल्यावर उलटा होतो आणि जोडापाशी रंग जुळतच नाहीत. अशा टार्टनचा किल्ट हवा असेल तर कापड एकेरी पन्ह्याचं आणि सलग आठ वार मागवा.

स्वतःचं टार्टन रचून नोंदवता येतं का?

येतं. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये रजिस्टर सुरू झालं. अर्ज कुठल्याही देशातून करता येतो. धाग्यांचा हिशेब, रंगांची यादी, नाव, आणि त्या नावाशी तुमचा संबंध काय हे लिहावं लागतं. रचना आधीच्या नोंदींपेक्षा पुरेशी वेगळी हवी. फी भरावी लागते. नोंद झाली म्हणजे त्या नमुन्यावर मालकी हक्क मिळाला असं मात्र नाही, तो कॉपीराइट-ट्रेडमार्कचा वेगळा विषय.

रचताना दोन-तीन मोठे रंग आणि एक-दोन बारीक रेघा यांवर थांबा. पहिल्या आराखड्यात सगळेच सात-आठ रंग घालतात आणि विणून आल्यावर गोधडी झालेली दिसते. आलेख कागदावर उभे-आडवे दोन्ही रंगवून मिश्र चौकोन बघा, नुसती पट्टी रंगवून काही कळत नाही.

महाराष्ट्राशी टार्टनचा काही संबंध?

थोडा, आणि फारसा गोड नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. ७८ वीचं टार्टन मॅकेन्झी, ते पांढऱ्या आणि लाल रेघेचं. आज भारतीय लष्कराच्या पाइप बँडांच्या खांद्यावर टार्टन दिसतं ते याच परंपरेतून आलेलं.

स्कॉटलंडहून आणलेला मफलर खरंच लोकरीचा आहे का? आणि आपल्या हवेत तो टिकवायचा कसा?

झालरीतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी होतो.

मशीनमध्ये टाकू नका. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की लोकर आटून नमद्यासारखी होते, मग चौकोन परत येत नाहीत. ड्राय क्लीन, किंवा गार पाण्यात सौम्य साबणाने हाताने दाबून धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर टाकलं की ओल्या लोकरीच्या वजनाने चौकोन खाली ओघळतात.

पावसाळ्याआधी कपाटात ठेवताना ते स्वच्छ असलं पाहिजे. कसर लागते ती घामाच्या आणि जेवणाच्या डागांना आधी. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू न देता कापडी पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती पंचा गुंडाळा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दुपारी दोनेक तास पंख्याखाली पसरून ठेवा, आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा.